सक्काराचे यात्रेकरू

रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीचे ४७वे वर्ष, हिवाळ्याचा दुसरा महिना, २५वा दिवस. आपल्या गणनेने इ.स.पू. १२३२च्या आसपास. इजिप्तच्या राजकोषात काम करणारा हादनाख्त नावाचा लेखनिक आपल्या भावाला घेऊन मेम्फिस नगरीच्या पश्चिमेच्या वाळवंटी पठारावर फिरायला आला. भाऊ पानाख्त, तोही वजिराच्या कचेरीतला लेखनिक. तिथल्या एका पुरातन वास्तूच्या भिंतीवर हादनाख्तने शाईने काही ओळी लिहिल्या. तारीख घातली, स्वतःचे आणि आईबापांचे नाव घातले, भावासह मेम्फिसच्या पश्चिमेला फिरायला आणि मन रमवायला आलो असे नोंदवले. मग तिथल्या देवांकडे आणि पुण्यात्म्यांकडे मागणे मागितले: तुमच्या सेवेत पूर्ण आयुष्य लाभो, सुखाचे म्हातारपण येवो आणि त्यानंतर चांगले दफन मिळो.

हे पठार म्हणजे आजचे सक्कारा, कैरोच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर. हादनाख्तने ज्या भिंतीवर लिहिले ती राजा जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या आवारातली. तो आला तेव्हा ते आवार जवळजवळ १४०० वर्षांचे जुने झाले होते. अजिंठ्याची उत्तरकाळातली लेणी कोरून झाली त्याला आज जेवढी वर्षे झाली, साधारण तेवढेच अंतर हादनाख्त आणि जोसेर यांच्यात होते. पिरॅमिडांचा शोध म्हटले की आपल्याला नेपोलियनचे विद्वान आठवतात, हॅट घातलेले फ्रेंच आणि इंग्रज आठवतात. त्यांच्या तीन हजार वर्षे आधी स्वतः इजिप्तचे लोक या जागी नवलाने पाहत उभे राहिले होते. सक्काराची कथा राजघराण्यांच्या क्रमाने नेहमीच सांगितली जाते. मला ती इथे येऊन गेलेल्या माणसांच्या अंगाने सांगायची आहे, कारण आज तिथे जे उभे आहे ते त्यांच्यामुळे उभे आहे, आणि जे नाही तेही बरेचसे त्यांच्यामुळेच नाही.

हादनाख्तला काय दिसले असेल?

जोसेर तिसऱ्या घराण्यातला राजा, इ.स.पू. २७व्या शतकातला. त्याच्या आधीच्या राजांची थडगी मातीच्या विटांची असत. वरून सपाट, आयताकृती, ओट्यासारखी. आज त्यांना मस्तबा म्हणतात. जोसेरचे थडगेही मस्तबा म्हणूनच सुरू झाले, फक्त विटांऐवजी चुनखडीच्या दगडात. मग ते वाढवले गेले. पुन्हा वाढवले गेले. मग कोणाच्या तरी मनात आले की एका मस्तब्यावर दुसरा, त्याहून लहान, चढवावा. आधी चार पायऱ्या झाल्या, नंतर बेत बदलून सहा. सुमारे ६२ मीटर उंचीची ही वास्तू जगातली पहिली मोठी दगडी इमारत मानली जाते. तिच्याखाली २८ मीटर खोल विहीर, विहिरीच्या तळाशी ग्रॅनाइटची दफनखोली, आणि भोवती कित्येक किलोमीटर लांबीची भुयारे. त्या भुयारांत दगडाची सुमारे ४०,००० भांडी सापडली. अनेकांवर जोसेरच्या आधीच्या, पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यांतल्या राजांची नावे आहेत. म्हणजे जोसेरनेही आपल्या पूर्वजांचा ठेवा आपल्याबरोबर नेला होता. मागे वळून पाहण्याची सवय या जागेला पहिल्या दिवसापासून आहे.

पण पिरॅमिडपेक्षाही मन खिळते ते त्याच्या आवारात. भोवतीचा कोट साडेदहा मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून अधिक लांब होता. त्याला १५ दरवाजे, पैकी १४ नुसते कोरलेले, कधीच न उघडणारे. खरा दरवाजा एकच, आग्नेय कोपऱ्यात. आत शिरले की ४० खांबांचा अरुंद मार्ग. हे खांब मोकळे उभे नाहीत, आखूड भिंतींनी मागच्या मोठ्या भिंतीला जोडलेले आहेत. दगडाचा खांब एकटा भार पेलेल याची बांधणाऱ्यांना अजून खात्री नसावी. खांबांवरच्या उभ्या रेघा बोरूच्या जुड्यांसारख्या, छताचे दगड ओंडक्यांसारखे गोल घडवलेले, उघड्या दारांच्या फळ्याही दगडाच्या, जागच्या जागी कायमच्या स्थिर. पुढे राजाच्या जयंतीउत्सवाचे अंगण, त्याच्या कडेला देवळ्या. देवळ्यांना दर्शनी भाग आहे, आत मात्र बहुतेक ठिकाणी भरीव चिणाई. जमिनीखाली निळ्या-हिरव्या झिलईच्या हजारो छोट्या फरश्या अशा जडवल्या आहेत की भिंतीवर लव्हाळ्याची चटई टांगल्याचा भास व्हावा.

हे सगळे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. या लोकांना दगड नवा होता. लाकूड, बोरू, चटई, मातीची वीट हे त्यांच्या हाताखालचे सामान. तेच रूप त्यांनी दगडात घडवले, कारण राजाला मेल्यावर लागणारे घर कुजणारे, झिजणारे असून चालणार नव्हते. दगडही त्यांनी विटांएवढे लहान कापले, हाताला सवय त्याच मापाची. शंभर वर्षांच्या आत त्यांचेच वारसदार गिझाला टनावारी वजनाचे चिरे रचू लागले. ही झेप सक्काराला डोळ्यांसमोर घडताना दिसते, म्हणून मला गिझाचा महापिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजापेक्षा सक्काराचा जोसेर अधिक जवळचा वाटतो. गिझाला पूर्णत्व आहे, सक्काराला शिकणाऱ्या माणसाचा हात आहे.

तो हात कोणाचा, याचे उत्तर १९२६मध्ये मिळाले. आवाराच्या प्रवेशाजवळ जोसेरच्या एका पुतळ्याचा चौथरा सापडला. त्यावर राजाच्या नावाबरोबर दुसरेही नाव कोरलेले होते: इम्होतेप. राजमुद्रेचा धारक, राजाखालोखालचा पहिला, महावाड्याचा कारभारी, हेलिओपोलिसचा प्रमुख पुरोहित. राजाच्या पुतळ्यावर प्रजाजनाचे नाव कोरले जावे ही असाधारण गोष्ट. घडीव दगडात बांधण्याची कला इम्होतेपने आणली असे इ.स.पू. तिसऱ्या शतकात मानेथो या इजिप्शियन पुरोहिताने लिहिले होते. तोवर पुराणकथा वाटणारा हा माणूस त्या चौथऱ्यामुळे खरा ठरला.

आता भिंतींवरच्या शाईकडे पुन्हा वळू, कारण हादनाख्त एकटा नव्हता. अठराव्या आणि एकोणिसाव्या घराण्यांच्या काळात मेम्फिसचे लेखनिक इथे वरचेवर येत. एकाने लिहिले की जोसेरचे मंदिर पाहिले आणि आत आकाशच असून त्यात सूर्य उगवतो आहे असे वाटले. आणखी एका शिकलेल्या पाहुण्याचा आधीच्या पाहुण्यांचे लेखन वाचून संताप झाला. असे वेडेवाकडे लिहिणारा माणूस विद्येच्या देवाच्या हाताखाली शिकलेलाच नव्हे, असे त्याने तिथेच नोंदवून ठेवले. प्राचीन वास्तूंवर नावे खरडणाऱ्यांचा आपल्याला राग येतो आणि तो योग्यच आहे. सक्काराच्या या ओळींचे मोल मात्र फार मोठे ठरले. या आवारात जोसेरच्या काळच्या कोरीव लेखांत राजाचे नाव ‘नेत्जेरिखेत’ असे येते. ‘जोसेर’ हे नाव तिथे नाही. नंतरच्या राजावळ्यांतला कीर्तिमान जोसेर आणि या पिरॅमिडचा धनी नेत्जेरिखेत एकच, हे ज्या पुराव्यांवरून पक्के झाले त्यांत या फिरायला आलेल्या लेखनिकांच्या ओळी आहेत. मृताचे नाव कोणी उच्चारत राहिले तर तो जिवंत राहतो अशी इजिप्तची श्रद्धा होती. जोसेरच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली.

हादनाख्त ज्या काळात आला त्याच काळात सक्काराला त्याचा पहिला मोठा जीर्णोद्धारक मिळाला होता. खाएमवासेत हा रामसेस दुसरा आणि राणी इसेतनोफ्रेत यांचा मुलगा, मेम्फिसच्या प्ताह देवाचा महापुरोहित. त्याचा बाप आपली नावे जुन्यानव्या सगळ्या पुतळ्यांवर खोल कोरून घेणारा. मुलाची ओढ वेगळी. जुन्या पिरॅमिडांवर त्यांच्या राजांची नावे पुसट झाली होती, काही पूर्ण गेली होती. खाएमवासेतने ती शोधून पुन्हा कोरवली. जोसेर, शेप्सेस्काफ, उसेरकाफ, साहुरे, उनास, कितीतरी राजांच्या स्मारकांवर त्याचे लेख आढळले आहेत. उनासच्या पिरॅमिडच्या दक्षिण बाजूवर त्याने कोरवले त्याचा आशय असा: या पिरॅमिडवर उनासचे नाव सापडत नव्हते, ते मी पुन्हा चिरस्थायी केले, कारण पूर्वीच्या राजांची स्मारके दुरुस्त करण्याची मला फार आवड आणि त्यांची बांधकामे ढासळत चालली होती.

यापेक्षाही हृद्य गोष्ट गिझाची. खुफूचा मुलगा कवाब याचा भग्न पुतळा खाएमवासेतला राडारोड्यात सापडला. त्याने तो उचलून सुस्थळी ठेवला आणि त्यावर लिहिले की प्राचीन काळावर आणि पूर्वी होऊन गेलेल्या थोरांवर आपले प्रेम आहे, म्हणून हे केले. कवाब आणि खाएमवासेत यांच्यात १३०० वर्षांचे अंतर होते. एका राजपुत्राने दुसऱ्या विसरल्या गेलेल्या राजपुत्राला दिलेली ही ओळख वाचताना मला भरून येते. खाएमवासेतला जगातला पहिला इजिप्तविद् म्हणतात. हा मान त्याचाच आहे, कारण त्याने दुरुस्ती केली, दुरुस्तीचे कारण लिहून ठेवले आणि मूळ धन्याचे नाव पुन्हा कोरवले.

त्याचे दुसरे मोठे काम जमिनीखाली आहे. प्ताहचा जिवंत अवतार समजला जाणारा आपिस बैल मेम्फिसमध्ये पाळला जाई. एका वेळी एकच. तो मेला की राजाच्या इतमामाने सक्काराला त्याचे दफन होई. पूर्वी प्रत्येक बैलासाठी वेगळे थडगे असे. खाएमवासेतने खडकात एक सलग भुयार कोरवून घेतले आणि पुढच्या बैलांसाठी त्यातच दालने काढण्याची सोय केली. पुढे हजार वर्षांहून अधिक काळ तिथे दफने होत राहिली. ग्रीक लोक या जागेला सेरापियम म्हणू लागले. खाएमवासेत बापाच्या आधीच वारला, गादीवर बसला नाही. पण लोककथांनी त्याला सोडले नाही. ग्रीक राजवटीतल्या एका पपायरसवर सेत्ने खाएमवासेतची कथा आहे: थोथ देवाने स्वहस्ते लिहिलेल्या जादूच्या पोथीसाठी तो एका थडग्यात उतरतो, आतल्या मृताशी पोथीसाठी डाव खेळतो, पोथी पळवतो आणि अनर्थ ओढवल्यावर ती मुकाट्याने परत नेऊन देतो. जुन्या थडग्यांत रमणाऱ्या राजपुत्राची आठवण लोकांनी हजार वर्षे अशी जपली.

पुढच्या काळात सव्विसाव्या घराण्यातल्या कलावंतांनी जोसेरच्या पिरॅमिडखाली उतरून त्याच्या कोरीव चित्रांवर चौकटी आखल्या, प्रमाणे मोजून नक्कल करण्यासाठी. त्या रेघा आजही तिथे आहेत. इम्होतेपचा हळूहळू देव झाला, ग्रीकांनी त्याला आपल्या वैद्यदेवाशी, आस्क्लेपिओसशी, एकरूप मानले आणि रोगी त्याच्या दर्शनाला सक्काराची वाट चढू लागले. देवांना अर्पण करण्यासाठी कुत्री, मांजरे, ससाणे, इबिस पक्षी यांच्या ममी इथे गाडल्या जाऊ लागल्या. अनुबिस देवाच्या भुयारात आठेक दशलक्ष कुत्र्यांच्या ममी असाव्यात असा अलीकडच्या अभ्यासाचा अंदाज आहे. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस ग्रीक भूगोलकार स्ट्राबो आला तेव्हा मात्र वाळू जिंकू लागली होती. सेरापियमकडे जाणाऱ्या वाटेवर काही स्फिंक्स अर्धे आणि काही डोक्यापर्यंत वाळूत बुडालेले दिसले, असे त्याने लिहून ठेवले. पुढे मंदिरे ओस पडली, लिपी वाचणारे संपले, आणि सक्कारा दीड हजार वर्षे बहुतांशी ममी उकरणाऱ्यांच्या हाती गेले. ममीची पूड औषध म्हणून युरोपात विकली जात होती. तिला चांगला भाव होता.

या काळातल्या एका पाहुण्याचा माग आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा उमराव. १६१५च्या डिसेंबरमध्ये तो सक्काराला आला. गावकऱ्यांकडून त्याने रोमन काळातल्या दोन ममी विकत घेतल्या, एक पुरुषाची, एक स्त्रीची. दोन्हींच्या वस्त्रावर मृतांची रंगीत चित्रे होती, सोन्याचा वर्ख लावलेली. पुरुषाच्या छातीवर ग्रीक अक्षरांत निरोपाचा शब्द होता. त्या ममी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहेत. देल्ला वाल्ले पुढे बगदादला गेला. तिथे मानी नावाच्या ख्रिस्ती तरुणीशी त्याने लग्न केले. १६२१च्या अखेरीस इराणच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ती तापाने वारली. त्याने तिचा देह सुगंधी द्रव्ये आणि कापूर घालून टिकवला, पेटीत ठेवला आणि रोममध्ये आपल्या घराण्याच्या थडग्यात पुरण्याचा निश्चय केला. ती पेटी घेऊनच तो १६२३मध्ये सुरतेला उतरला, चौलवरून गोव्यात आला, तिथून इक्केरीच्या नायकाच्या दरबारापर्यंत जाऊन आला आणि १६२४च्या अखेरीस गोव्याहून परत निघाला. रोमला पोहोचल्यावरच मानीचे दफन झाले. सक्काराच्या वाळूतून कोणा अनोळखी नवराबायकोंचे देह, किंवा निदान तसे वाटलेले देह, उचलून नेणाऱ्या या माणसाला प्रिय माणसाचा देह जपणे म्हणजे काय हे सहा वर्षांनी स्वतःच्या दुःखातून कळले. त्याची पत्रे हा सतराव्या शतकातल्या कोकणाचा आणि गोव्याचा मोलाचा पुरावा म्हणून आपले इतिहासकार वाचतात. त्या पानांमागे सगळी वाट एक शवपेटी चालत होती हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात उचलून नेणाऱ्यांचे हात लांब झाले. प्रशियाचा लेप्सिउस १८४०च्या दशकात आला आणि जोसेरच्या भुयारातली निळ्या फरश्यांची दारचौकट काढून बर्लिनला घेऊन गेला. १८५०मध्ये लूव्र संग्रहालयाने ऑग्युस्त मारिएत या तरुणाला जुनी कॉप्टिक हस्तलिखिते विकत घ्यायला पाठवले. हस्तलिखिते मिळेनात. हिंडत तो सक्काराला आला आणि वाळूतून वर आलेले स्फिंक्सचे एक डोके त्याला दिसले. त्याला स्ट्राबोचा उतारा आठवला. हस्तलिखितांसाठीच्या पैशांतून त्याने ३० मजूर लावले. वाळूखालून १३०हून अधिक स्फिंक्सांची रांग निघाली आणि १२ नोव्हेंबर १८५१ रोजी तो सेरापियममध्ये शिरला. मोठ्या भुयारात दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या प्रचंड शवपेट्या, काही ६० टनांहून जड, आणि बहुतेक प्राचीन काळीच फोडून रिकाम्या केलेल्या. पण खाएमवासेतच्या काळचे एक दालन अभंग सापडले. वाळूवर, शेवटचा माणूस बाहेर पडताना उमटलेली अनवाणी पावले तशीच होती.

मारिएतने हजारो वस्तू लूव्रला धाडल्या. तोच पुढे १८५८मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा पहिला संचालक झाला, वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून भांडला आणि कैरोच्या बुलाक भागात १८६३मध्ये संग्रहालय उघडले. एकाच माणसाच्या आयुष्यात नेणारा आणि राखणारा असे दोघे सामावले. माझ्या मनावर ठसा उरतो तो दुसऱ्या, राखणाऱ्या मारिएतचा.

पिरॅमिडांच्या आत काहीही लिहिलेले नसते असे त्याचे ठाम मत होते. १८८०च्या अखेरीस सक्काराच्या मजुरांनी पेपी पहिला याच्या पिरॅमिडमध्ये वाट काढली, तर आतल्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. इजिप्तविद् ब्रुग्श बंधूंनी ही बातमी मरणशय्येवरच्या मारिएतला आणून सांगितली. १८ जानेवारी १८८१ रोजी तो गेला. त्याचा वारस गास्तों मास्पेरो त्याच वर्षी उनासच्या पिरॅमिडमध्ये शिरला. बाहेरून हा पिरॅमिड म्हणजे दगडांचा ढासळलेला ढीग. आत छतावर तारे कोरलेले, आणि खालच्या भिंतींवर उभ्या ओळींत निळ्या रंगाने भरलेली अक्षरे. इ.स.पू. २४व्या शतकातली ही वचने जगातल्या सर्वांत जुन्या धार्मिक वाङ्मयात गणली जातात. राजा मेलेला नाही, तो जिवंत निघाला आहे, त्याने ताऱ्यांत जाऊन बसावे, सूर्याच्या नावेत त्याला जागा मिळावी, सापविंचवांनी त्याच्या वाटेतून दूर व्हावे, असे त्यांत पुनःपुन्हा बजावलेले आहे.

१९२४पासून इंग्रज पुरातत्त्वज्ञ सेसिल फर्थ जोसेरचे आवार मोकळे करत होता. वाळूखालून कोरीव दगडांचे तुकडे हजारांनी निघत होते आणि कुठला कुठे बसत होता याचा मेळ लागत नव्हता. मदतीला वास्तुविशारद हवा होता. १९२६मध्ये झां-फिलिप लाउएर हा २४ वर्षांचा फ्रेंच तरुण आठ महिन्यांच्या करारावर आला. सुएझच्या युद्धानंतरची काही वर्षे वगळता तो सक्कारा सोडून गेलाच नाही. वयाच्या ९९व्या वर्षी, मे २००१मध्ये, त्याचे निधन झाले, तोवर जवळजवळ पाऊणशे वर्षे तो एकच काम करत होता: पडलेला दगड त्याच्या मूळ जागी परत ठेवणे. एकेका तुकड्याचे माप घ्यायचे, वक्रता पाहायची, घावाच्या खुणा पाहायच्या, त्यावरून तो खांबाच्या कितव्या थरातला हे ठरवायचे. जिथे मूळ दगड नाही तिथेच नवा भरायचा. आज प्रवेशद्वार, खांबांचा मार्ग, उत्सवाच्या अंगणातल्या देवळ्या, फणा काढलेल्या नागांची भिंत दिसते ती या कामामुळे. उनासच्या पिरॅमिडवरचा खाएमवासेतचा लेखही तुकडे होऊन विखुरला होता. १९३०च्या दशकात लाउएरने ते जुळवून जागी बसवले आणि इजिप्तविद् द्रिओतोंबरोबर तो लेख प्रसिद्ध केला. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या जीर्णोद्धारकाचा हा जीर्णोद्धार. लाउएरच्या बरोबरीने इजिप्शियन मुकादम, पाथरवट आणि मजूर राबले, पिढ्यान्‌पिढ्या उत्खननात मुरलेले. अहवालांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नसतात, याची खंत वाटते.

इजिप्शियन विद्वानांनाही आपली जागा फार उशिरा मिळाली, आणि एकाच्या वाट्याला जे आले ते क्रूर होते. झकारिया गोनेइम हा सक्काराचा मुख्य निरीक्षक. १९५०च्या दशकाच्या आरंभी जोसेरच्या आवाराजवळच त्याला वाळूत पूर्ण गाडलेला एक अपुरा पिरॅमिड सापडला, जोसेरनंतरच्या सेखेमखेत राजाचा. कोटाच्या भिंतीवर शाईने इम्होतेपचे नाव होते. भुयारात सोन्याची कंकणे मिळाली. शेवटच्या दालनात अलाबास्टरची अखंड शवपेटी, तिचे दार एका टोकाला वर सरकणारे, चुन्याने बंद केलेले. जून १९५४मध्ये सगळ्या जगाचे लक्ष लागलेले असताना ते उचलले गेले. आत काहीच नव्हते. वर्तमानपत्रांची निराशा झाली. तरीही नवा पिरॅमिड आणि नवा राजा हातात होता. पण थोड्याच वर्षांत सक्काराचे एक मौल्यवान भांडे चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. चौकशा, अपमान. त्याचा मित्र लाउएर त्या भांड्याचा माग काढत होता. कैरोच्या संग्रहालयाच्याच एका कोपऱ्यात ते त्याला सापडले. तोवर उशीर झाला होता. जानेवारी १९५९मध्ये गोनेइमने नाईलमध्ये जीव दिला. सेखेमखेतच्या पिरॅमिडचे अपुरे काम लाउएरने पुढे नेले. सक्काराच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत बोचतो. हजारो वर्षे गेलेल्या राजांची नावे शुद्ध करणाऱ्या जागेत एका जिवंत माणसाचे नाव वेळेवर शुद्ध करता आले नाही.

१९६४पासून वॉल्टर एमरी उत्तर सक्काराला इम्होतेपचे थडगे शोधत होता. त्याला इबिस पक्ष्यांची भुयारे मिळाली, वानरांची, ससाण्यांची, आपिस बैलांच्या मातांची मिळाली. इम्होतेप मिळाला नाही. मार्च १९७१मध्ये एमरी सक्काराला काम करतानाच कोसळला आणि कैरोत वारला. शोध आजही चालू आहे, आणि आता तो मुख्यतः इजिप्शियन पथकांच्या हाती आहे. २०१८मध्ये त्यांनी वाह्तये या पाचव्या घराण्यातल्या पुरोहिताचे रंग शाबूत असलेले थडगे उघडले. २०२०मध्ये खोल विहिरींतून रंगवलेल्या लाकडी शवपेट्या काढल्या, वर्षभरात शंभराहून कितीतरी अधिक.

जोसेरचा पिरॅमिड मात्र १९९२च्या भूकंपाने हादरला होता. दफनविहिरीच्या वरचे दगड निखळू लागले होते. २००६मध्ये दुरुस्ती सुरू झाली, २०११च्या क्रांतीनंतर काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. आधी आतून छताला आधार दिला गेला, मग भेगा भरल्या गेल्या, बाहेरच्या पायऱ्यांवर निखळलेल्या जागी दगड बसवले गेले. मार्च २०२०मध्ये पिरॅमिड पुन्हा लोकांसाठी उघडला. पुढच्या वर्षी आवारातले दक्षिणेचे भूमिगत थडगेही उघडले. तिथे निळ्या फरश्यांच्या भिंती आज जागेवर पाहता येतात, आणि त्यांच्यामधल्या खोल कोनाड्यांत उत्सवातली धाव घेणारा जोसेर राजा कोरलेला आहे.